सासरी गेलेली बाटली

"ही पण एकदा लाव बघू मशीनवर," असं म्हणत पिंपळशेंडे मॅडमनी पर्समधून एक तेलकट बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

चंद्रपूरचा मे महिना. खिडकीतला कूलर जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि वारा मात्र गरमच फेकत होता. नागपूरहून आलेले डॉक्टर ओगले मठ्ठ्याचा दुसरा ग्लास संपवत होते. मॅडमच्या पुढ्यात एक कागद होता आणि त्यावर त्यांची सही व्हायची होती. सही झाली की आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं औषध ओगल्यांच्या देखरेखीखाली फिट येणाऱ्या मुलांना पहिल्यांदा, चाचणी म्हणून, दिलं जाणार होतं. परवानग्या आल्या होत्या, मुलं ठरली होती, आईबापांच्या संमत्या झाल्या होत्या. त्या मुलांत माझ्या बहिणीची मैना होती. सात वर्षांची.

"मॅडम, सगळ्या बाटल्या तपासून झाल्यात," मी म्हणाले. "निकाल तुमच्या हातातच आहे."

"माझ्या घरची राहिली होती."

"मग सही झाल्यावर लावते ना."

"आधी लाव, प्रज्ञा."

मी बाटली उचलली. मनातल्या मनात काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही. मला राग लवकर येतो, आजही येतो, आणि मॅडमच्या हाताखाली काम करताना तो रोज एकदा तरी यायचाच.

गावात त्यांना भांगवाल्या बाई म्हणायचे. त्या आमच्याकडे औषधी वनस्पती शिकवायच्या आणि कॉलेजच्या मागे, तारेचं कुंपण आणि चौकीदार असलेल्या एका तुकड्यात, सरकारी परवान्याने भांगेची झाडं वाढवायच्या. होळी जवळ आली की बाजारात कोणीतरी हमखास हटकायचं, "बाई, आमच्यासाठी चार पानं ठेवा!" त्यावर मॅडम पिशवीत वांगी भरता भरता म्हणायच्या, "चार पानांनी तुझं काय होणार रे? तुला अख्खं झाड लागेल." त्यांनी लग्न केलं नव्हतं. कॉलेजच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या, मेसचा डबा खायच्या आणि वीस वर्षं त्या एकाच झाडामागे लागल्या होत्या.

झाडामागे म्हणजे त्यातल्या एका गोष्टीमागे. भांगेच्या ताज्या पानात एक आम्ल असतं. त्याने नशा येत नाही, उलट फिटचे झटके आवरायला त्याचा उपयोग होईल अशी प्राण्यांवरच्या प्रयोगांत आशा दिसली होती. पण ते भलतंच नाजूक. उष्णता लागली की मोडतं, उजेड लागला की मोडतं, नुसतं ठेवून दिलं तरी महिन्याभरात त्याचं भलतंच काहीतरी होतं. मॅडमनी ठरवलं की ते जिथून मोडतं त्या टोकाला एक छोटासा रासायनिक गट जोडायचा. भांड्याचा हलणारा कान रिव्हेट मारून पक्का करतात तसं. गुण तर राहिला पाहिजे आणि मोडणं थांबलं पाहिजे. अशी सहा संयुगं त्यांनी केली आणि सहाही बिघडली. सातवं टिकलं. आम्ही त्याला 'सातवी' म्हणायचो.

असं पोरीसारखं नाव पडायला कारण होती मॅडमची तपासायची पद्धत. औषध किती टिकतं हे बघायला सगळे जण ते एका कपाटात ठेवतात. कपाटात ठरलेली उष्णता, ठरलेला दमटपणा. आमच्याकडेही ते कपाट होतं. पण मॅडम म्हणायच्या, "कपाट म्हणजे माहेर. तिथे कोण वाईट वागतंय? एकदा सासरी पाठवून बघा." आणि खरोखरच त्या बाटल्या सासरी पाठवायच्या. म्हणजे कॉलेजच्या आवारातल्या क्वार्टर्समध्ये, आम्हा काम करणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. परवान्यात 'संस्थेचे आवार' असा शब्द होता आणि क्वार्टर्स आवारातच येतात हे त्यांनी सरकारकडून लेखी आणलं होतं. बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवायची. सकाळ-संध्याकाळ उघडायची, ड्रॉपरने एका वेळचं औषध काढायचं, ते बरणीत जमा करायचं, बाटली बंद करायची. घरात औषध जसं राहतं तसं ते राहिलं पाहिजे.

"लग्न न केलेल्या बाईच्या तोंडी ही सासरची भाषा काही शोभत नाही," मी एकदा म्हणाले होते.

"म्हणून तर मला लांबून नीट दिसतं," त्या म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात सातवी सगळ्या घरांतून तावूनसुलाखून परत आली होती. माझ्या घरून, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या घरून. मार्चपासूनचा तो भयंकर उन्हाळा, पण आलेखावरची रेघ जशीच्या तशी. आमच्या त्या मशीनमधून कागद बाहेर पडतो, त्यावर रेघ असते. औषध असेल तिथे ती उंच जाते, बाकी सपाट असते. सगळ्या कागदांवर एकच उंच टोक आणि पुढे सपाट.

मॅडमच्या बाटलीचा कागद बाहेर आला. उंच टोक होतं. त्याच्या पुढे, जिथे सपाट हवं तिथे, एक लहानसं टेकाड होतं.

मी मशीन धुतलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा टेकाड. तो कागद घेऊन मी खोलीत गेले तेव्हा डॉक्टर ओगल्यांचा मठ्ठा संपला होता आणि ते गाडी कधी निघणार ते ड्रायव्हरला विचारत होते.

मॅडमनी कागद बघितला आणि नुसतं "हं" म्हणाल्या. जणू काही हे त्यांना अपेक्षितच होतं.

"काय आहे ते?" ओगल्यांनी विचारलं.

"सातवीचं उनाड भावंड," मॅडम म्हणाल्या. "नशा आणणारं."

"किती?"

"थोडंसंच."

"थोडंसंच ना! मग? सगळ्या बाटल्यांत एक. एखादी दगा देतेच हो. तुमच्याकडून काहीतरी हलगर्जी झाली असेल."

"झाली ना. मुद्दाम केली."

"मुद्दाम?"

"घाईतली बाई ठेवेल तशी ठेवली बाटली."

ओगले हसले. तसे ते माणूस चांगले होते, मुलांचे डॉक्टर म्हणून नागपुरात त्यांना फार मान होता. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, आता हे थांबवलं तर या वर्षीची परवानगी जाते. पुन्हा समिती, पुन्हा कागद. पुढच्या उन्हाळ्याच्या आत काही होत नाही. ही मुलं तोपर्यंत काय करतील? यांना कुठलं औषध लागू पडत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"मला कल्पना आहे."

"आम्ही आयांना समजावून सांगू. नीट ठेवा, स्वच्छ ठेवा."

"ते मीही स्वतःला रोज सांगते," मॅडम म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावून त्यांनी ते पर्समध्ये टाकलं. "आता नाही. काय झालं ते आधी पुन्हा करून बघते, मग बोलू."

"पण केलं काय तुम्ही त्या बाटलीचं?"

"सांगेन. आज नाही."

मी तिथेच उभी होते. डॉक्टरांची गाडी गेली. मॅडम तास घ्यायला गेल्या. मी स्कूटी काढली आणि तडक बल्लारपूरला ताईकडे गेले.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण करुणा. भावजी कोळशाच्या खाणीत. लग्नानंतर आठ वर्षांनी मैना झाली आणि तीन वर्षांची असताना तिला पहिली फिट आली. तेव्हापासून त्या घरात कोणी मनापासून हसलं नव्हतं. झटका आला की पोर जेवत्या ताटावरून आडवी व्हायची. ताईने तिला एकटीला कधी न्हाणीघरात जाऊ दिलं नाही, कधी शेजारी खेळायला पाठवलं नाही. ताई स्वतः सलग दोन तास कधी झोपली नाही. माझ्या दोन वेण्या घालून मला शाळेत नेणारी ही ताई, लहानपणी तिच्याइतकं खळखळून हसणारं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं.

औषधं चालू होतीच. कडू जहर. मैना दात घट्ट मिटून घ्यायची. मागच्या उन्हाळ्यात ताई तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात दाखवायला म्हणून घेऊन आली आणि मला भेटायला थांबली तेव्हा दुपारच्या औषधाची वेळ कॉलेजच्या व्हरांड्यातच झाली. ताईने घरून बाटलीत भरून आणलेलं कैरीचं पन्हं स्टीलच्या ग्लासात ओतलं, औषध भरलेला ड्रॉपर त्या पन्ह्यात बुडवला, औषधाबरोबर थोडं पन्हंही ओढून घेतलं आणि मैनाच्या गालात सोडलं. "हे गेलं, हे गेलं, हे गेलं पोटात!" असं म्हणून तिने ड्रॉपर ग्लासाच्या काठावर दोनदा टकटक आपटला, ओढणीला पुसला आणि परत औषधाच्या बाटलीत खुपसला. मी फार्मसीची बाई, मला शरमल्यासारखं झालं, कारण मॅडम तिथेच चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता ताईला एक व्याख्यान ऐकावं लागणार. पण मॅडमनी फक्त विचारलं, "पन्ह्यात गूळ की साखर?"

"गूळ जी," ताई म्हणाली. "साखरेचं तोंडात नाही घेत ते."

त्या दिवशी बल्लारपूरला पोचले तेव्हा ताई अंगणात पाणी शिंपडत होती. मला बघून तिने बादली खाली ठेवली. तिला वाटलं मी पेढे घेऊन आले.

"झाली सही?"

"नाही."

"नाही म्हंजे? उद्या व्हते?"

मी सगळं सांगितलं. एक बाटली, एक टेकाड, एक वर्ष. ती ऐकत होती आणि मैना तिच्या कमरेला बिलगून उभी होती. पोरीच्या कपाळावर नवी खोक होती, टाके पडलेली.

"मले एक सांग," ताई म्हणाली. "औषध तयार हाये ना?"

"हो."

"मंग काऊन देऊन नाही राहिले? तुया घरची बाटली चांगली निघाली, साऱ्याईची चांगली निघाली. तिची एक बिघडली तं त्याले मी काय करू? माया लेकरानं अजून एक उन्हाळा असाच काढाचा काय?"

"मी काय करू ताई, त्या ऐकतच नाहीत."

"कशी ऐकन व ती," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "तिले लेकरू नाही. लेकरू असतं तं तिले समजलं असतं."

तिने बादली उचलली आणि पुन्हा पाणी शिंपडायला लागली. शिंपडून झालेल्या जागेवरच ती पुन्हा पुन्हा पाणी टाकत होती.

मी घरी आले ती ताईचं ते वाक्य घेऊनच. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी ऊन मी म्हणत असताना मी मॅडमच्या क्वार्टरकडे निघाले. दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक म्हणजे हे वाक्य त्यांना जसंच्या तसं ऐकवायचं. आणि दुसरी, नोकरी सोडायची. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डोक्याला ओढणी गुंडाळून मी चालत होते आणि वाक्याची उजळणी करत होते.

दार उघडंच होतं. हाक मारणार तेवढ्यात आतून मॅडमचा आवाज आला. कोणाशी तरी बोलत होत्या. लाडीगोडी लावून बोलत होत्या. असा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पाहुणे आलेत की काय, म्हणून मी दबकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

आत कोणी नव्हतं. मॅडम दाराकडे पाठ करून ओट्याशी उभ्या होत्या. गॅसवर डाळ रटरटत होती. मेसचा डबा खाणाऱ्या बाईच्या ओट्यावर उकडलेल्या कैऱ्यांची सालं, परातीत किसलेला गूळ आणि एक स्टीलचा ग्लास होता. ग्लासात पन्हं. हातात सातवीची नवी बाटली. समोर, ओट्याच्या कडेला, एक रिकामा चमचा ठेवला होता.

त्यांनी औषध भरलेला ड्रॉपर पन्ह्यात बुडवला, थोडं पन्हं ओढून घेतलं आणि चमच्यात सोडलं.

"हे गेलं, हे गेलं, हे गेलं पोटात," असं म्हणून त्यांनी ड्रॉपर ग्लासाच्या काठावर दोनदा टकटक आपटला, पदराला पुसला आणि परत बाटलीत खुपसला.

मी दाराची चौकट धरली. रोज पाठ केल्यासारखं बोलणं, तीच घाई, तेच दोन ठोके. ताईने व्हरांड्यात एकदाच केलेलं या बाईंनी मार्चपासून रोज सकाळ-संध्याकाळ केलं होतं, रिकाम्या घरात, एका चमच्यासमोर.

"मॅडम," मी म्हणाले.

त्या वळल्या, पण दचकल्या वगैरे नाहीत. थोड्या लाजल्या मात्र. "ये ना. पन्हं घेशील? भरपूर आहे."

"हे ताईचं आहे."

"मग कोणाचं असणार?" त्या म्हणाल्या. "हे औषध घेणारी पोर माझ्या ओळखीची एकच आहे."

मी खाली पाटावर बसले. मॅडमनी माझ्यासमोर पन्ह्याचा ग्लास ठेवला आणि स्वतः स्टूल ओढून बसल्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांच्या घरच्या बाटल्या मी हातात घेऊन पाहिल्या. कशा लख्ख! तू ड्रॉपर कशाने पुसत होतीस?"

"टिश्यूने."

"आणि त्याआधी हात?"

"धुऊन."

"झालं तर मग. तुम्ही सासरी पाठवलीत, पण तिथेही तिचं माहेरच केलंत. केमिस्ट लोक आपण, आपल्याच्याने घाण होतच नाही. तुला मुद्दाम सांगितलं असतं तरी तुझा हात वळला नसता. मग म्हटलं, एका बाटलीला तरी खरंखुरं घर मिळू दे."

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. मीही केमिस्टच. दर वेळी ड्रॉपरला लागून पन्ह्याचा एखादा थेंब बाटलीत जातो. औषध तेलात, पन्हं पाण्याचं. ते तळाशी जाऊन बसतं. आंबट पाणी, वरून गॅसजवळची धग आणि चंद्रपूरचा उन्हाळा. आंबटाच्या संगतीत सातवी हळूहळू आपलं रूप बदलते. एका दिवसात नाही, पण थेंब थेंब साचत गेल्यावर बदलते. ज्या पोरीच्या डोक्यातले झटके थांबवायचे, तिच्या पोटात रोज थोडी थोडी नशा गेली असती. कोणाला कळलंही नसतं. पोर सुस्त झाली तर सगळे म्हणाले असते, औषध लागू पडतंय, झोप लागतेय.

काल ज्या बाटलीला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती मैनाची बाटली होती. तीन महिन्यांनी मैनाच्या घरात जी असती, तीच मॅडमनी आधी आपल्या घरात तयार करून ठेवली होती.

"हे काल डॉक्टरांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

"काय सांगू? अमुक मुलीची आई ड्रॉपर पन्ह्यात बुडवते? ते म्हणाले असते, आईला समजावा. नाहीतर म्हणाले असते, ही आई नको, दुसरं घर बघा. करुणाचं नाव त्या टेबलावर घ्यायचं नव्हतं मला." त्यांनी गॅस बारीक केला. "आणि ती चुकतेय कुठे? पोर तोंड उघडत नाही. तिने तोंड उघडायची युक्ती काढली. आपण वीस वर्षांत असं औषध नाही करू शकलो की जे पोर आपणहून पिईल. आई बदलायची नसते प्रज्ञा, बाटली बदलायची."

मी जे वाक्य पाठ करून आले होते ते मी सोडूनच दिलं. पन्हं प्याले. गुळाचं होतं, वेलची जरा जास्त झाली होती.

"तुम्हाला पन्हं येत नाही मॅडम," मी म्हणाले.

"मार्चमधलं प्यायला हवं होतंस," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. नोकरी सोडायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. ताई माझ्याशी दिवाळीपर्यंत धड बोलली नाही. तिला मी सगळं समजावून सांगितलं होतं, तरी नाही. आणि तिचं बरोबरच होतं. त्या वर्षात मैना पडली, तिचे पुढचे दोन दात गेले. एकदा तिला अ‍ॅम्ब्युलन्समधून नागपूरला न्यावं लागलं. ज्या दिवशी दात गेल्याचा निरोप आला त्या दिवशी मॅडम तास अर्धवट सोडून प्रयोगशाळेत आल्या आणि टेकाडाचा तो कागद काढून समोर घेऊन बसल्या. ज्यांनी सही केली नाही त्यांनाही त्या वर्षाचा हिशेब द्यावा लागतच होता, स्वतःला.

काम मात्र झालं. सातवीला त्यांनी हात लावला नाही. "पोर गुणी आहे," त्या म्हणाल्या, "तिला फक्त वेगळं बिऱ्हाड करून द्या." बाटली गेली आणि तिच्या जागी जिलेटिनच्या मऊ, बंद कुप्या आल्या. एका कुपीत एका वेळचं औषध. टोक कापायचं, पिळायचं, कुपी फेकून द्यायची. उरलेलं काही नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही. त्याही सासरी गेल्या. पण या वेळी मॅडमनी आम्हाला टिश्यू वापरायला बंदी केली. आम्ही त्या कुप्या पन्ह्यात पिळल्या, ताकात पिळल्या, चिंचेच्या सारात पिळल्या, आणि तासाभराने मशीनवर लावल्या. रेघ सपाट. डॉक्टर ओगल्यांनी सगळे कागद बघितले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी तुमच्या जागी असतो तर सही केली असती." एवढं सरळ बोलणारा मोठा डॉक्टर मी पुन्हा पाहिला नाही.

औषधाने काय झालं तेही सांगते. चमत्कार वगैरे काही झाला नाही. काही मुलांना फरक पडला नाही. मैनाला पडला. फिट कमी होत होत क्वचितच्या झाल्या. ती उशिरा शाळेत गेली, उशिरा दहावी झाली. आता बल्लारपूरला ब्युटी पार्लर चालवते आणि माझ्या भुवया करताना मला हलू देत नाही. मॅडम जाऊन चार वर्षं झाली. जाईपर्यंत मला त्यांचा राग येतच राहिला, रोज एकदा तरी. पण त्या रविवारनंतर मी त्यांच्याएवढं कोणाला मानलं नाही.

या सगळ्यात मला मात्र आठवतो तो औषधाचा पहिला दिवस. ओगल्यांच्या दवाखान्यातली लहानशी खोली, एप्रिलची सकाळ. मॅडम हट्टाने आल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. ताई त्यांच्याकडे बघत नव्हती. नर्सने कुपी कशी कापायची ते दाखवलं. ताईने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली, आणि मग नर्सला नाही, मला नाही, त्या कोपऱ्याकडे बघून विचारलं,

"पन्ह्यात घालून चालन काय जी?"

"घाल ना," मॅडम म्हणाल्या. "पन्ह्यासाठीच तर वर्ष गेलं."

ताईने पिशवीतून बाटली काढली, स्टीलचा ग्लास काढला. पन्हं ओतलं, कुपी पिळली, चमच्याने ढवळलं आणि चमचा मैनाच्या तोंडाशी नेला. मैनाने दात मिटले. दोन दातांची फट होती तरी मिटले.

"हे गेलं," ताई म्हणाली. मैनाने थोडं तोंड उघडलं.

"हे गेलं," ताई म्हणाली.

"हे गेलं पोटात," असं दोन आवाज एकदम म्हणाले. ताईने चमचा ग्लासाच्या काठावर दोनदा आपटला आणि चमकून कोपऱ्याकडे बघितलं.

"तुमाले कसं ठावूक जी मॅडम?"

मॅडम चष्मा पुसायला लागल्या. "सवय झाली," त्या म्हणाल्या.